दिवसाचा पल्ला किती धरावा? लांबच्या मोटारप्रवासाचे नियोजन

दिवाळीच्या सुटीत लातूरहून रामेश्वरला मोटारीने जायचे ठरले, तेव्हा धाकट्या भावाने मोबाइलवर अंतर पाहिले. ते सुमारे १,४०० किलोमीटर भरले, आणि त्याने जागच्या जागी भागाकार करून टाकला. “दादा, तीन दिवस. रोजचे पावणेपाचशेसुद्धा नाहीत. आरामात होतं.” आई, माझी पत्नी आणि आठ व पाच वर्षांची दोन मुले गाडीत असणार होती, आणि भावाच्या हिशेबात त्यांपैकी कोणीच नव्हते.

लांबच्या प्रवासाचे बहुतेक बेत या भागाकारातच फसतात. एकूण अंतराला दिवसांनी भागले की सगळे दिवस सारखे आणि सगळे किलोमीटर एकाच जातीचे धरले जातात. प्रत्यक्षात धारूरच्या घाटातले दहा किलोमीटर आणि समृद्धी महामार्गावरचे दहा किलोमीटर यांच्यात तिप्पट-चौपट वेळेचा फरक असतो, आणि पहिल्या दिवशीची कंबर चौथ्या दिवशी तशीच राहत नाही. म्हणून पल्ला आधी तासांत ठरवावा आणि त्यानंतरच त्याचे किलोमीटर करावेत. हे तासही घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे मोजावेत, केवळ चाक फिरत असतानाचे मोजू नयेत.

आधी स्वतःची सरासरी काढावी

आपली गाडी ताशी किती वेगाने जाते असे विचारले की माणूस काट्यावर दिसलेला सर्वांत मोठा आकडा सांगतो. नियोजनाला त्या आकड्याचा काहीही उपयोग नाही. उपयोगी आकडा काढण्यासाठी नेहमीच्या एखाद्या प्रवासात निघतानाची वेळ व किलोमीटरचे रीडिंग लिहून ठेवावे, पोहोचल्यावर पुन्हा दोन्ही लिहावेत, आणि मधल्या प्रत्येक थांब्याची मिनिटे न चुकता टिपावीत. गाडीतल्या डायरीचे एक पान त्यासाठी पुरते.

माझ्या डायरीतले असेच एक पान येथे देतो. लातूरहून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असे छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. सकाळी ६.१० ला निघालो आणि १२.२० ला पाहुण्यांच्या दारात पोहोचलो. रीडिंगमधला फरक २६८ किलोमीटर होता. केजला नाश्त्याला ३५ मिनिटे, गेवराईच्या पुढे चहाला १५, डिझेल भरून चाकांची हवा तपासायला १५, धाकट्या मुलासाठी दोनदा मिळून १०, असे एकूण ७५ मिनिटे गाडी उभी होती. चाक फिरत होते ते ४ तास ५५ मिनिटे, म्हणजे चालत्या गाडीची सरासरी ताशी साडेचोपन्न. दारापासून दारापर्यंतची सरासरी मात्र ताशी साडेत्रेचाळीसच भरली. मोबाइलच्या नकाशाने निघताना पाच तास सांगितले होते आणि नकाशा खोटे बोलला नव्हता, कारण त्याने न थांबता जाणाऱ्या गाडीचा वेळ सांगितला होता. पाच माणसे घेऊन न थांबता जाणारी गाडी मी अजून पाहिलेली नाही.

असे तीन-चार प्रवास टिपले की आपले कुटुंब किती वेळा आणि किती वेळ थांबते हे कळते. बहुतेक घरांत हा थांब्यांचा वाटा एकूण वेळाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास येतो. लहान मूल, मधुमेही माणूस किंवा गुडघे धरणारी आई सोबत असेल तर तो चौथा हिस्सा धरावा. सीएनजीची गाडी असल्यास आपल्याकडे पंपावरच्या रांगेसाठी वेगळा वेळ लावावा लागतो, आणि रांग किती लांब आहे हे पंपावर पोहोचल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे त्या दिवसाच्या हिशेबात एक पूर्ण तास बाजूला काढून ठेवणे बरे.

वेग वाढवून हा वेळ भरून काढू, अशी एक समजूत असते. ताशी ८० ऐवजी १०० ने सलग २०० किलोमीटर जाता आले, तर अर्धा तास वाचतो, आणि तो अर्धा तास धाब्यावर ऑर्डर येईपर्यंत संपतो. त्यापेक्षा घरून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घेतला, आणि झाडाखाली सतरंजी टाकून वीस मिनिटांत खाणे उरकले, तर वेगाला हात न लावता तेवढाच वेळ हाती येतो. पोट बिघडण्याची भीतीही कमी होते, आणि पोट बिघडले की प्रवासाचा अख्खा दिवस जातो.

रस्त्याची जात

आपली सरासरी कळल्यावर पुढचा रस्ता तुकड्यांत पाडावा. चौपदरी दुभाजकाच्या महामार्गावर दारापासून दारापर्यंत ताशी ५० ते ५५, दुपदरी राज्यमार्गावर ३८ ते ४२, आणि घाटाच्या किंवा गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यावर २५ ते ३० धरले तर माझा हिशेब सहसा चुकत नाही. वाचकाने स्वतःच्या डायरीतून हे आकडे वर-खाली करावेत. कायद्याने आठ आसनांपर्यंतच्या मोटारीला द्रुतगती मार्गावर ताशी १२०, चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० अशी कमाल मर्यादा २०१८ साली केंद्राने ठरवली आणि राज्य सरकार ती आणखी कमी करू शकते. ही कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे, हे नियोजनाच्या कागदावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

मराठवाड्यातल्या दुपदरी रस्त्यांवर सरासरी खाली येण्याचे एक कारण रस्त्याखालीच असते. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याचा पाया नीट घेतलेला नसेल, तर वरचे डांबर शाबूत दिसत असूनही रस्ता लाटांसारखा वर-खाली होतो. खड्डा लांबून दिसतो, पण ही लाट दिसत नाही. ताशी ७० ने जाणारी गाडी तिच्यावर उचलली जाते, मागच्या बाकावरून आईचा आवाज येतो, आणि मग पुढचे दहा किलोमीटर चालक ५० च्या वर जात नाही. पावसाळ्यात याच मातीची साइडपट्टी लोण्यासारखी होते. समोरच्या ट्रकला वाट देण्यासाठी डावी चाके खाली उतरवली की गाडी रुतते किंवा घसरते, म्हणून अशा रस्त्यावर ओव्हरटेक करण्याची संधी कमी मिळते आणि एका ट्रॅक्टरमागे पंधरा-वीस मिनिटे काढावी लागतात.

चौपदरी रस्त्याबद्दलही फार गाफील राहू नये. संग्रूरहून अंकोल्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आपल्याकडे कन्नड, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, तुळजापूर असा उतरतो आणि त्याच्यावर लांब, मोकळे टप्पे आहेत. पण दुभाजकातल्या फटीतून अचानक आडवी येणारी दुचाकी आणि वळसा वाचवण्यासाठी उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर येथे रोजचे आहेत. कन्नडच्या औट्रम घाटात वाहतूक अडली तर तासाचा खेळ होतो. चाळीसगाव-धुळ्याकडून उत्तरेला निघणाऱ्याने हा घाट सकाळी लवकर ओलांडून जावा आणि त्यानंतरच नाश्त्याचा विचार करावा.

समृद्धी महामार्गाचे गणित वेगळे आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून त्यावर चढले की दोन्ही दिशांना अंतर झपाट्याने कापले जाते. मध्ये गाव नाही, चौक नाही, गतिरोधक नाही. पण तोच त्याचा धोकाही आहे, कारण सरळ, एकसारख्या रस्त्यावर तासन्‌तास नजर एकाच ठिकाणी राहिली की डोळे उघडे असूनही लक्ष सुटते. वर्तमानपत्रांत ज्याला महामार्ग संमोहन म्हणतात ते हेच. तेथे मनात आले म्हणून टपरीवर थांबता येत नाही. त्यामुळे कोणत्या ठिकाणी थांबायचे हे वर चढण्यापूर्वीच ठरवावे, थकवा असो वा नसो दीड-दोन तासांनी थांबावे, आणि सरासरी वाढली म्हणून दिवसाचे तास वाढवू नयेत. टायर जुने किंवा झिजलेले असतील, तर तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० चा मोह टाळावा. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासावी.

नकाशाने सुचवलेला ‘जवळचा’ रस्ता हा या सगळ्यात मोठा चकवा आहे. वीस किलोमीटर वाचतात म्हणून तो आपल्याला महामार्गावरून उतरवून शिवारातल्या रस्त्यावर घालतो. अनोळखी मुलखात, विशेषतः दुपारनंतर, अशा सूचनेकडे मी दुर्लक्ष करतो. नकाशातली निघण्याची वेळ बदलण्याची सोय मात्र अवश्य वापरावी. ज्या वारी, ज्या वेळी निघायचे तीच वेळ घालून पाहिली, तर शहराच्या तोंडाशी लागणारा वेळ बराच खरा कळतो.

चालकाचे तास

आता दिवसाला किती तास, हा मुख्य प्रश्न. पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांच्या बाबतीत कायद्याने याचा विचार फार पूर्वी केला आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली होती. युरोपात मालमोटारीच्या चालकाला साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे लागते. हे रोज चालवणाऱ्या, सराव असलेल्या माणसांचे नियम आहेत. वर्षभर घर ते कार्यालय एवढीच गाडी चालवणाऱ्याने त्यांच्याहून अधिक तास धरणे हा फाजील आत्मविश्वास होय. एकच चालक असेल तर चाकावरचे सहा तास आणि थांब्यांसह साडेसात-आठ तास, हा माझ्या मते वरचा टोकाचा आकडा आहे. दोन चालक असतील तर चाकावरचे सात-साडेसात तास चालतील. मात्र दुसरा चालक म्हणजे ज्याने लांबच्या रस्त्यावर खरोखर गाडी चालवली आहे असा माणूस, केवळ परवाना खिशात असलेला नव्हे. दोन तासांनी अदलाबदल करावी. ‘मला अजून झोप आलेली नाही’ हे अदलाबदल टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण झोप आल्यावर ते कळायला उशीर झालेला असतो.

आपल्याकडे प्रवास लवकर संपावा म्हणून रात्री दोन-तीनला निघण्याची पद्धत आहे. रस्ता मोकळा मिळतो, मुले झोपलेली असतात, ऊन लागत नाही, हे सगळे खरे. पण पहाटे दोन ते सहा ही शरीराची सर्वांत सुस्त वेळ असते. दुपारी दोन ते चार अशी तिची धाकटी बहीणही आहे. शिवाय निघण्याच्या आदल्या रात्री बॅगा भरणे, कुलपे लावणे, दूधवाल्याला सांगणे यांत अकरा वाजतात आणि चालकाला जेमतेम तीन तासांची झोप मिळते. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये मोजून दाखवले. आपल्या कायद्यात मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे तीनला उठलेल्या माणसाचे सतरा तास रात्री आठला भरतात आणि त्या वेळी तो बहुधा अनोळखी शहरात लॉज शोधत असतो.

मी स्वतः हा मूर्खपणा केलेला आहे. काही वर्षांपूर्वी हुबळीला एका लग्नासाठी रात्री अडीचला लातूर सोडले. सोलापूर मागे पडल्यावर, पाच वाजण्याच्या सुमारास, डाव्या बाजूच्या उंचवट्यांच्या पट्टीवर चाक गेले आणि त्या खडखडाटाने मला जाग आली. पत्नी शेजारी झोपलेली होती, मुलगा मागे झोपलेला होता, आणि गाडी ताशी ८० ने चालली होती. किती सेकंद डोळे मिटले होते ते मला आजही सांगता येत नाही. पुढच्या पंपावर गाडी लावली आणि उजाडेपर्यंत तेथून हललो नाही. तेव्हापासून आमच्या घरी सहाच्या आधी गाडी सुरू होत नाही.

सहाला निघून दुपारी दोन-अडीचपर्यंत मुक्कामी पोहोचणे ही सर्वांत सोयीची चौकट आहे. दुपारनंतरही चालवणे भाग असेल, तर पोटभर भात टाळावा आणि जेवणानंतर कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटे आडवे व्हावे. कॉफीचा परिणाम व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. काचा खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखूचा बार भरणे, या उपायांनी झोप जात नाही.

उजेड आणि पंचांग

अंधार पडल्यावर चालवायचे नाही, असे ठरवले तर उपलब्ध तास ऋतूवर ठरतात. लातूरला मे महिन्यात पावणेसातच्या पुढेही उजेड असतो, तर नोव्हेंबरच्या मध्यावर पावणेसहालाच सूर्य बुडतो. दिशेचाही फरक पडतो, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. घड्याळ देशभर एकच असले तरी सूर्य पूर्वेला आधी उगवतो आणि आधी मावळतो, एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने. परभणीहून जगन्नाथपुरीला निघालेल्या माणसाची शेवटच्या दिवशीची संध्याकाळ घरच्यापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक आधी होते. नोव्हेंबरात पुरीला पाचनंतर लगेचच दिवस मावळतो. उलट द्वारकेला नोव्हेंबरअखेर सातच्या पुढे सूर्योदय होतो, म्हणून तिकडे सकाळी सहाला निघणे म्हणजे अंधारात निघणे होय.

आपल्या भागात अंधाराची भीती खड्ड्यांपेक्षा उसाची अधिक आहे. गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. त्या काळात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे दिवा किंवा चकाकणारी पट्टी नसते, आणि उसाच्या शेंड्यांनी झाकलेली ट्रॉली समोरून प्रकाशाचा झोत डोळ्यावर येत असताना पन्नास फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. दिवाळीच्या आधी सोयाबीनची रास करताना अर्धा रस्ता धान्याने व्यापलेला असतो, तोही लक्षात ठेवावा.

तारखा ठरवताना पंचांग उघडून बसावे. कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांसाठी सोलापूर–तुळजापूर रस्ता वाहनांना बंद ठेवून वाहतूक दुसरीकडून वळवतात. आषाढीच्या आधी पंढरपूरच्या वाटांवर दिंड्या असतात आणि त्यांच्या मागून जाताना ताशी दहाचा वेग मिळाला तरी पुष्कळ, शिवाय तेथे हॉर्न वाजवायचा नसतो. जेथे जायचे तेथल्याही गर्दीचा अंदाज घ्यावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाकुंभासाठी नागपूर–जबलपूरमार्गे प्रयागराजला निघालेल्यांना जबलपूर, कटनी, रीवा या पट्ट्यात तासन्‌तास अडकून पडावे लागले. पावसाचेही तसेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने सोलापूर जिल्ह्यात महामार्गावरची वाहतूक थांबली होती, आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर ते उतरेपर्यंत अलीकडेच थांबण्याला पर्याय नाही. काही रस्ते नियमानेच बंद असतात. म्हैसूरहून उटीला जाताना लागणारे बंदीपूरचे जंगल रात्री नऊ ते सकाळी सहा ओलांडू देत नाहीत.

रामेश्वरचा कागद

भावाच्या तीन दिवसांचे शेवटी पाच दिवस झाले ते असे. पहिला दिवस मुद्दाम सर्वांत सोपा ठेवला. लातूर, तुळजापूर, सोलापूर, विजापूर, सुमारे २२५ किलोमीटर. भावाला हे हास्यास्पद वाटले. पण पहिल्या दिवशी निघायला उशीर होतोच. आमच्याही घरी गॅस बंद केला की नाही हे पाहायला औशाहून फोन करून शेजाऱ्यांना उठवावे लागले. साडेसातचे ठरवून सव्वाआठला निघालो आणि तुळजापूरला दर्शन घेऊनही साडेतीनच्या आत विजापूरला होतो. संध्याकाळी गोलघुमट पाहून झाला आणि मुले नऊला झोपली.

दुसऱ्या दिवशी विजापूर ते होसपेट सुमारे २०५ किलोमीटर. सकाळी सहाला निघून साडेदहाच्या आत पोहोचायचे आणि उरलेला दिवस हंपीला द्यायचा. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ज्या दिवशी काही पाहायचे असते त्या दिवशीचा पल्ला निम्मा धरावा. चार तास उन्हात देवळे पाहून पुन्हा दोनशे किलोमीटर चालवणे कागदावर सोपे दिसते, पण त्या वेळी चालकाचे पायही दुखत असतात.

तिसरा दिवस सर्वांत अवघड होता, आणि अंतरामुळे नव्हे, तर बेंगळुरूमुळे. होसपेट, चित्रदुर्ग, तुमकूर, बेंगळुरू हे अंतर सुमारे ३४० किलोमीटर. संध्याकाळी पाचला या शहराच्या तोंडाशी पोहोचणारा माणूस दोन तास तेथेच उभा राहतो. मोठे शहर सकाळी सातच्या आत किंवा अकरा ते तीन या वेळात ओलांडावे आणि मुक्काम शहराच्या पलीकडे करावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळीही त्याच गर्दीतून बाहेर पडावे लागत नाही. आम्ही सहाला होसपेट सोडले, साडेबाराच्या आत नेलमंगलला होतो, आणि तुमकूर रस्त्यावरून होसूर रस्त्याला जोडणाऱ्या नाइस रस्त्याने शहराला बाहेरून वळसा घालून तीनच्या आधी होसूरला पोहोचलो. एकूण ३८० किलोमीटर, आणि दोघांनी आलटून पालटून चालवले.

चौथ्या दिवशी होसूर, सेलम, दिंडीगल, मदुराई, सुमारे ३९५ किलोमीटर. रस्ता चौपदरी आणि सलग, म्हणून एवढा पल्ला चालला. एरवी चौथ्या दिवशी मी तीनशेवर थांबलो असतो, कारण थकवा रोज थोडा थोडा साठत जातो आणि झोप पूर्ण झाली तरी पाठ ते विसरत नाही. चार-पाच दिवसांच्या सलग प्रवासात एक दिवस गाडी हलवायचीच नाही, असा ठेवावा. आम्ही तो परतीच्या वाटेवर मदुराईला ठेवला होता, आणि त्यामागे आणखी एक कारण होते. तमिळनाडूत पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्येकडून येतो. आपली दिवाळीची सुटी नेमकी त्यात सापडते. किनाऱ्यावर जोराचा पाऊस झाला असता, तर हाच दिवस खर्ची घालून बेत सावरता आला असता. पाचव्या दिवशी मदुराई ते रामेश्वर १७५ किलोमीटर, आणि दुपारी दर्शनाच्या रांगेत उभे राहण्याइतके त्राण सगळ्यांच्या अंगात होते.

वाटेत निर्णय कसा घ्यावा

नियोजन कितीही चांगले असले तरी पंक्चर होते, मूल ओकते, रस्त्याचे काम निघते. त्यासाठी रोजच्या हिशेबात एक तास मोकळा ठेवावाच, आणि दुपारी एक वाजता गाडी थांबवून फेरहिशेब करावा. उरलेले किलोमीटर भागिले त्या दिवशी सकाळपासून प्रत्यक्ष मिळालेली सरासरी, एवढाच तो हिशेब. उत्तर सूर्यास्ताच्या एक तास आधीच्या पुढे जात असेल, तर अलीकडच्या गावात मुक्काम करावा. त्यासाठी मुक्कामाच्या गावाच्या साठ-सत्तर किलोमीटर अलीकडे राहण्याची एक पर्यायी जागा आधीच पाहून ठेवावी, आणि आगाऊ नोंदणी करताना ती रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, हे विचारून घ्यावे. पैसे अडकलेले असले की माणूस अंधारातही पुढेच जातो. देवस्थानाच्या भक्तनिवासात खोली घेणार असाल, तर रात्री किती वाजेपर्यंत प्रवेश देतात हेही निघण्यापूर्वी फोनवर विचारावे.

हा निर्णय कोणी घ्यायचा हेही घरीच ठरवावे. आमच्याकडे तो अधिकार चाकावर नसलेल्या माणसाचा आहे. चालकाला नेहमीच ‘अजून शंभर सहज होतील’ असे वाटते.

परतीचा प्रवास हा जाण्याच्या प्रवासाहून लहान धरण्याची चूक सगळेच करतात. पाहायचे संपलेले असते, घराची ओढ लागलेली असते, आणि होसपेटहून निघालो की सव्वाचारशे किलोमीटरवर घरच आहे, असे भावाने तेव्हाही म्हणून पाहिले. आम्ही तरीही विजापूरला एक रात्र राहिलो. दुसऱ्या दिवशी सहाला निघून पावणेअकराला लातूरला पोहोचलो. डेअरी उघडी होती, दूध मिळाले, आईने घर झाडून घेतले, कपडे दोरीवर वाळत पडले, आणि दुसऱ्या दिवशीच्या शाळेसाठी मुलांची दप्तरे दुपारीच भरून झाली.